गेरूच्या थरांतील चुंबकत्व

पुण्याहून सातार्‍याच्या हमरस्त्यानें निघून कात्रजचा घाट मागें टाकला, कीं खेड-शिवापूरच्या पट्ट्यांत भोर तालुक्यांतील शिवरे गांवाचा परिसर लागतो. दोन्ही अंगांस जे डोंगर दिसतात त्यांची घडण पायर्‍यांसारखी आहे. एक सरळ कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. भूगर्भशास्त्रज्ञ या दगडाला 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्द उत्तर युरोपांतील भाषांतून 'जिना' या अर्थानेंच आलेला आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडला, पसरला आणि थिजला. कांहीं काळ गेला. मग त्यावर दुसरा रस आला. असे थरांवर थर चढून हा मुलूख तयार झाला आहे.

रस्त्यासाठीं जेथें कडा फोडलेला असतो, तेथें या काळ्या थरांच्या मध्यें कोठें वीतभर, कोठें हातभर, तर कोठें त्याहूनही जाड असा तांबडा पट्टा दिसतो. कात्रज, खंबाटकी, वरंधा यांसारख्या घाटांतून मोटारीनें जाणार्‍या पुष्कळांच्या नजरेखालून तो गेला असेल. थांबून निरखणारा मात्र विरळा. दोन रसांच्या दरम्यान जो निवांत काळ गेला त्यांत खालच्या दगडाची झीज होऊन माती झाली, आणि पुढचा रस वरून वाहिला तेव्हां त्या मातीचा वरचा भाग विटेसारखा भाजून निघाला. या पट्ट्याचा रंग ज्या द्रव्यामुळें तांबडा आहे, त्याच द्रव्यानें कुंभाराचें मडकें भट्टींत तांबडें होतें, आणि तुळशीवृंदावनाला लावावयाच्या गेरूचा रंगही त्याचाच. शास्त्रांत त्याला हेमॅटाइट म्हणतात. तें लोखंड आणि प्राणवायु यांच्या संयोगानें बनलेलें आहे.

घरांत नालाच्या आकाराचा लोहचुंबक असेल, तर तो शुद्ध गेरूच्या पुडींत बुडवून पाहावा. पूड त्याला ओढली जात नाहीं. तोच चुंबक एखाद्या ओढ्याच्या कोरड्या वाळूंत फिरवावा. बघतां बघतां त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. हे काळे कण मॅग्नेटाइटच्या जातीचे असून ते सह्याद्रीच्या दगडांतूनच झिजून आलेले असतात. या काळ्या दगडाचें चुंबकत्व किती जाणवण्याजोगें आहे याचा एक दाखला अलिबागेस मिळतो. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येऊं घातल्या तेव्हां कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचें काम १९०४ सालीं अलिबागेस हलवावें लागलें. तेथील इमारतींसाठीं जवळचा, मुबलक आणि स्वस्त असा काळा दगड न वापरतां पोरबंदरचा वाळूचा दगड मुद्दाम आणविण्यांत आला. कारण भिंतींनींच सुई ओढली तर वेध कसले घ्यावयाचे?

मग गेरूमध्यें लोखंड कमी आहे काय? तसें मुळींच नाहीं. वजनाच्या हिशेबानें हेमॅटाइटमध्यें शेंकडा ७० भाग लोखंड असतें आणि मॅग्नेटाइटमध्यें शेंकडा ७२. लोखंड जवळजवळ तेवढेंच, सोबती प्राणवायु तोच. असें असतां एकाला चुंबक झटकन् उचलतो आणि दुसर्‍याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. कमीपणा लोखंडाचा नसून मांडणीचा आहे.

ही मांडणी समजण्यासाठीं शाळेच्या पटांगणावरील कवाईत डोळ्यांसमोर आणावी. लोखंडाचा प्रत्येक परमाणु हा एक अतिसूक्ष्म लोहचुंबक असतो. त्याच्या जागीं एक मुलगा उभा आहे आणि त्यानें पुढें केलेला हात ही त्या चुंबकाची दिशा, असें समजावें. हेमॅटाइटच्या स्फटिकांत लोखंडाचे परमाणु थराथरांनीं बसलेले असतात. माणिक आणि कुरुंद यांचीही घडण याच जातीची आहे. त्यांत लोखंडाच्या जागीं ॲल्युमिनियम असतें, इतकेंच. पहिल्या रांगेंतील सर्व मुलांचे हात पूर्वेकडे, दुसर्‍या रांगेंतील सर्वांचे पश्चिमेकडे, तिसरीचे पुन्हा पूर्वेकडे, असा क्रम लागलेला आहे. प्रत्येक रांग आपल्यापुरती एकजुटीची. पण शेजारची रांग तितक्याच जोरानें उलट ओढते. रस्सीखेचींत दोन्ही पक्ष तुल्यबळ असले म्हणजे दोर जागचा हालत नाहीं, याचा अर्थ दोराला ताण नाहीं असा होत नाहीं. गेरूच्या आंत चुंबकत्व भरपूर आहे. तें आपसांत फिटलेलें आहे.

या व्यवस्थेला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. फ्रान्समधील लुई नेल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ती कागदावर मांडली, आणि त्या व पुढील कामाबद्दल त्यांना १९७० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रत्यक्ष पुरावा अमेरिकेंत शल व त्यांचे सहकारी यांनीं १९५१ सालीं दिला. न्यूट्रॉन नांवाच्या कणांचा झोत हेमॅटाइटवर सोडून, तो कसा विखुरतो यावरून, आंतील रांगा खरोखरच आळीपाळीनें उलट आहेत हें त्यांनीं दाखविलें. मॅग्नेटाइटमध्यें देखील दोन गट उलटे असतात, पण एका गटाची संख्या अधिक, म्हणून बाकी शिल्लक राहते आणि चुंबक तिला पकडतो.

येथवर सारें सरळ आहे. अडचण पुढें येते. गेरूचा हिशेब पूर्ण फिटतो असें म्हणावें, तर नाजूक उपकरणानें मोजल्यावर तो पूर्ण फिटलेला आढळत नाहीं! १९१६ सालींच स्मिथ नांवाच्या संशोधकानें हेमॅटाइटच्या स्फटिकांवर बारीक मोजणी करून, त्यांच्या थरांच्या पातळींत थोडें पण कायमचें चुंबकत्व आहे असें नोंदविलें होतें. मॅग्नेटाइटच्या मानानें तें दोनशेंहून अधिक पटींनीं कमी आहे. तरीही तें शून्य नाहीं. मग ही शिल्लक आली कोठून?

पहिलें उत्तर जें सुचतें तेंच सर्वांना सुचलें: भेसळ. कोठेंतरी मॅग्नेटाइटचा कण राहिला असेल, किंवा स्फटिकांत कांहीं खोट असेल. स्वतः नेल यांचाही कल कांहीं काळ अशाच उत्तराकडे होता. हें उत्तर वरवर पाहतां निरुपद्रवी दिसतें, पण त्यावर बरेंच कांहीं अवलंबून होतें. त्याच सुमारास लंडनच्या इंपीरिअल कॉलेजांत क्लेग आणि त्यांचे सहकारी इंग्लंडमधील तांबड्या वाळूच्या दगडांचें चुंबकत्व मोजीत होते. त्या दगडांचा तांबडेपणाही हेमॅटाइटचाच. दगड तयार झाला तेव्हां पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेस होतें ती दिशा त्यांत टिकून राहिली आहे, आणि तीवरून पाहतां इंग्लंड आपली जागा सोडून फिरलें आहे, असा निष्कर्ष त्यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केला. आतां, ज्या द्रव्याच्या साक्षीवर एवढा मोठा निवाडा द्यावयाचा, त्या द्रव्यांत चुंबकत्व मुळांत असतें कां, हेंच जर कोणाला सांगतां येत नसेल, आणि तें कदाचित् आगंतुक मळामुळें असेल, तर त्या साक्षीला किंमत काय राहिली? खंड सरकतात ही कल्पना त्या वेळीं बहुसंख्य भूगर्भशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. त्यांना शंका घेण्यास ही जागा उत्तम होती, आणि ती शंका गैरवाजवी होती असेंही म्हणतां येत नाहीं.

भेसळीचा तर्क प्रथम डळमळला तो मॉस्कोमध्यें. बोरोविक-रोमानोव्ह यांनीं १९५६ च्या सुमारास मँगेनीज आणि कोबाल्ट यांचे कार्बोनेट प्रयोगशाळेंत शुद्ध स्वरूपांत तयार करून तपासले. तेही उलटसुलट रांगांचे पदार्थ. त्यांत भेसळ नव्हती, तरी अल्पसें चुंबकत्व होतेंच. तेव्हां दोष पदार्थाच्या शुद्धतेंत नसून शास्त्रज्ञांच्या समजुतींत असावा असें दिसूं लागलें. १९५७ सालीं तेथील ड्झ्यालोशिन्स्की या तरुण अभ्यासकांनीं कोडें सोडविलें. त्यांची रीत अशी कीं, परमाणूंमधील बलांची मोजदाद न करतां त्यांनीं केवळ स्फटिकाची समरूपता तपासली: अमुक मांडणी अमुक गोष्टीला परवानगी देते कीं नाहीं, एवढाच प्रश्न.

हेमॅटाइटमध्यें प्रत्येक थर किंचित् दुमडलेला असतो, त्यामुळें स्फटिकाच्या अक्षावर ओळीनें येणारे चार परमाणु घेतले तर त्यांच्या दिशा पूर्व, पश्चिम, पश्चिम, पूर्व अशा लागतात. क्रोमियम आणि प्राणवायु यांचें संयुग घडणीनें याचें सख्खें भावंड आहे, पण त्यांतील क्रम एकाआड एक असा आहे. 'नवजीवन' हा शब्द उलट वाचला तरी तोच राहतो. 'नवनव' उलट वाचला तर 'वनवन' होतो. हेमॅटाइटचा क्रम पहिल्या जातीचा, क्रोमियमचा दुसर्‍या. ड्झ्यालोशिन्स्की यांनीं दाखविलें कीं, ज्या मांडणींत क्रम उलट वाचतांही तोच राहतो, तेथें हात अगदीं समोरासमोर राहण्याची सक्ती उरत नाहीं; ते थोडे तिरपे होऊं शकतात. दुसर्‍या जातींत ती मोकळीक नाहीं. आणि प्रत्यक्षांत हेमॅटाइटमध्यें शिल्लक चुंबकत्व सांपडतें, क्रोमियमच्या संयुगांत सांपडत नाहीं. केवळ मांडणी पाहून असा निकाल देतां यावा ही या विषयांतील सर्वांत देखणी गोष्ट आहे.

तिरपेपणा म्हणजे काय, तें पुन्हा पटांगणावर पाहूं. पूर्वेकडे हात केलेल्या रांगेनें आपले हात उत्तरेकडे जरासे वळविले, आणि पश्चिमेकडे हात केलेल्या रांगेनेंही ते उत्तरेकडेच जरासे वळविले. पूर्व-पश्चिम ओढ पूर्वीप्रमाणें फिटली. पण दोन्हींचा उत्तरेकडील कल एकाच बाजूस पडल्यामुळें त्याची बेरीज झाली. हेमॅटाइटमध्यें हा कल अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. हात एक मीटर लांब धरला तर त्याचें टोंक एखादा मिलिमीटर सरकावें, एवढाच. उरलेल्या चुंबकत्वाचें मान आंत दडलेल्या चुंबकत्वाच्या हजारांत सुमारें एक भाग पडतें, तें यामुळेंच. याला क्षीण लोहचुंबकत्व असें नांव आहे.

हा कल कोणतें बल देतें, याचें उत्तर जपानी शास्त्रज्ञ मोरिया यांनीं १९६० सालीं दिलें. शेजारच्या दोन परमाणूंमधील मुख्य बल त्यांना एकमेकांच्या नेमकें उलट उभें करूं पाहतें. पण इलेक्ट्रॉनचें स्वतःभोंवतीचें फिरणें आणि केंद्राभोंवतीचें फिरणें यांचा परस्परसंबंध असल्यामुळें एक दुसरें, पुष्कळ दुबळें बल निर्माण होतें. तें त्या दोघांना काटकोनांत उभें करूं पाहतें. बलवानाचें बहुतेक सर्व चालतें, दुबळ्याचें थोडेंसें. त्या थोड्याशा चालण्याचें माप म्हणजे हा कल.

हेमॅटाइटची आणखी एक लहर आहे. मॉरिन यांना १९५० सालीं असें आढळलें कीं, शुद्ध स्फटिक शून्याखालीं सुमारें १३ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला, तर हें क्षीण चुंबकत्व जवळजवळ नाहींसें होतें. तितक्या थंडींत थरांत आडवे असलेले सारे परमाणु-चुंबक उठून थरांना काटकोनांत उभे राहतात, आणि त्या स्थितींत कलाला वाव नसतो. भोरच्या कडक थंडींतही पारा इतका उतरत नाहीं; मात्र शहरांतील घरोघरच्या शीतकपाटांत बर्फाचा जो कप्पा असतो त्याचें तपमान बहुधा शून्याखालीं १८ अंश असतें, म्हणजे हेमॅटाइटचा चांगला स्फटिक तेथें ठेवला तर तो आपलें चुंबकत्व गुंडाळून ठेवील. बाजारच्या गेरूवर हा प्रयोग करून पाहूं नये. त्याचे कण फार बारीक व मिश्र असतात, आणि अशा कणांत हा पालट होतोच असें नाहीं.

हा कल केवळ गेरूपुरता नाहीं. १९८६ सालीं बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनीं लँथॅनम, बेरियम व तांबें यांच्या प्राणवायुयुक्त पदार्थांत, तोंपर्यंत कोणी अपेक्षिलें नव्हतें इतक्या वरच्या तपमानावर, वीज विनाविरोध वाहते असें दाखविल्यापासून त्याच्या मूळ पदार्थाची, म्हणजे बेरियम न घातलेल्या लँथॅनम-तांब्याच्या संयुगाची, कसून तपासणी झाली. त्यांत तांब्याचे थर आहेत, प्रत्येक थरांत शेजारी उलटसुलट आहेत, आणि प्रत्येक थर किंचित् कललेलाही आहे. परंतु एका थराचा कल वरच्या बाजूस, तर लगतच्या थराचा खालच्या. त्यामुळें कलही आपसांत फिटून जातो. जोरदार बाहेरचें चुंबकीय क्षेत्र लावलें कीं सर्व थरांचे कल एकाएकीं एका बाजूस होतात आणि लपलेली शिल्लक उघडी पडते. हें १९८८ सालीं सिद्ध झालें.

आतां पुन्हा घाटांतील तांबड्या पट्ट्याकडे वळावयास हरकत नाहीं. अकराशें अंशांहून अधिक तापलेला रस मातीवरून वाहिला कीं लगतचा मातीचा थर चांगलाच तापतो. सुमारें ६८० अंशांच्या वर हेमॅटाइटमधील रांगा मोडतात; सारी कवाईत विस्कटते. मग महिन्या-वर्षांनीं तें निवूं लागतें, रांगा पुन्हा लागतात, आणि त्या लागत असतांना पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र त्या लहानशा कलाला आपल्याकडे वळवून घेतें. पुढें थर थंड झाल्यावर ती दिशा तशीच गोठून राहते. विटांच्या भट्टींतही हेंच घडतें. प्रत्येक भाजलेल्या विटेंत ती कोणत्या दिशेस रचली होती याची खूण दडलेली असते.

अशी खूण टिकते किती? येथें गेरूचा दुबळेपणाच त्याच्या उपयोगी पडतो. चुंबकानें एखादी गोष्ट फिरवावयाची तर ती पकडावयास मूठ हवी. जातें जड, पण त्याचा खुंटा जर काडीएवढा असला, तर तें फिरवणारा कितीही बळकट असो, त्याची पकडच बसत नाहीं. हेमॅटाइटच्या रांगांचा सारा पसारा मोठा आणि बाहेरच्या चुंबकाच्या हातीं लागणारा कल तेवढा बारीक. म्हणून एकदां गोठलेली दिशा बदलण्यास फार प्रबळ क्षेत्र लागतें. मॅग्नेटाइटचे मोठे कण त्या मानानें लवकर वश होतात. डोंगरमाथ्यावर वीज पडली तर भोंवतालच्या काळ्या दगडाची जुनी दिशा पुसून जाऊन विजेच्या प्रवाहाची नवी दिशा त्यांत उमटते, आणि पठारावरचा दगड तपासणार्‍याला या विजेनें अनेकदां फसविलें आहे.

इंग्लंडच्या दगडांनंतर क्लेग यांनीं डॉइच व ग्रिफिथ्स यांच्यासह दख्खनच्या लाव्हाथरांचे नमुने तपासून १९५६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत हें काम सुरू झालें, आणि डॉइच, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या दगडांवरील निबंध १९५९ सालीं निघाला. काळ्या थरांतील साक्षीदार मुख्यतः मॅग्नेटाइटच्या जातीचा आहे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तांबड्या पट्ट्यांतील गेरू हा त्याचा जोडीदार.

या साक्षींतून निघालें काय? शिवरे गांव उत्तर अक्षांश १८ अंशांच्या जवळ आहे. दीर्घ काळाची सरासरी धरली तर अशा ठिकाणीं, मोकळी टांगलेली चुंबकसुई आपलें उत्तर टोंक क्षितिजाखालीं सुमारें ३३ अंश झुकवील. दख्खनच्या थरांत गोठलेली सुई तशी नाहीं. जे थर पृथ्वीचें क्षेत्र आजच्यासारखें असतांना निवले त्यांत तिचें उत्तर टोंक क्षितिजाच्या वर ४५ अंशांच्या आसपास उचललेलें आहे. जे थर क्षेत्र पालटलेलें असतांना निवले त्यांत सर्व नेमकें उलट आहे, म्हणजे अर्थ तोच. उत्तर टोंक वर उचललें जातें तें विषुववृत्ताच्या दक्षिणेस. हिशेब केला असतां, हा दगड थिजला त्या वेळीं ही भूमि दक्षिण अक्षांश २५ ते ३० अंशांच्या दरम्यान होती असें ठरतें. तेथून आजच्या जागेपर्यंतचा पल्ला पांच हजार किलोमीटरांच्या घरांत जातो. सरासरी चाल वर्षाला सात-आठ सेंटिमीटर. भोरचे डोंगर जेथें आहेत तेथें ते जन्मलेलेच नाहींत.

मात्र प्रत्येक तांबडा दगड विश्वासास पात्र असतो असें नव्हे. हेमॅटाइट भाजून होतें तसें तें पाण्यानें, हळुहळू, दगड कुजतांनाही होतें, आणि अशा वेळीं तें आपल्या जन्मकाळची दिशा धरतें. दगडाच्या जन्मकाळची नव्हे. जांभा दगड हें याचें ठळक उदाहरण. श्मिट, प्रसाद आणि रामम् यांनीं १९८३ सालीं भारतांतील जांभ्याच्या चुंबकत्वावरून त्याचें वय काढलें, तेव्हां उंच पठारांवरचा जांभा फार जुना आणि किनार्‍याकडील सखल भागांतला त्या मानानें पुष्कळ अलीकडचा ठरला. तेथें ही उशिरा उमटलेली दिशाच घड्याळाचें काम करते. पण जो संशोधक सह्याद्रीच्या लाव्हाची दिशा शोधीत आहे, त्याला हाच नंतरचा गेरू चकवितो. आणि त्याची खूण पक्की असल्यामुळें अधिकच चकवितो.

यासाठीं प्रयोगशाळेंत नमुना पायरीपायरीनें तापवितात. पृथ्वीचें क्षेत्र अडविलेल्या भट्टींत तो दोनशें, तीनशें, चारशें अंशांपर्यंत नेऊन प्रत्येक वेळीं थंड करून मोजतात. ५८० अंशांवर मॅग्नेटाइटची सारी खूण पुसली जाते. त्यानंतर जी दिशा उरते ती हेमॅटाइटची, आणि ६८० च्या सुमारास तीही जाते. या दोन आंकड्यांमधील शंभर अंशांत जी दिशा वाचावयास मिळाली, ती पट्ट्यावरील काळ्या लाव्हाच्या दिशेशीं ताडून पाहतात. दोन्ही जुळल्या तर माती त्याच रसानें भाजली होती असें धरतात. न जुळल्या तर तो गेरू मागाहूनचा ठरतो, आणि नमुना बाजूस ठेवून संशोधक घाटांतील पुढच्या पट्ट्याकडे जातो.